भिंत वाढली

मी चौकला ब्लाऊज शिवते. चौक म्हणजे चार रस्त्यांचा चौक नव्हे, गावाचं नावच चौक. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं, ढाब्यांचं आणि गॅरेजांचं गाव. हे आधीच सांगते, कारण तालुक्याच्या कचेरीत एका साहेबानं मला विचारलं होतं, "चौकात म्हणजे नक्की कुठल्या चौकात?" शब्दाला शब्द धरून बसणाऱ्या माणसांशी आपलं जमायचं नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

घर दुकानापासून आत, कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. माझं लग्न टिकलं नाही, मी परत आले. वडील गेले. भाऊ खोपोलीला कंपनीत लागला आणि तिकडेच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिला. घरात उरलो मी आणि आई. घर कागदावर वडिलांचं होतं, पण खरं ते आईचं. चिखल तिनं तुडवला, विटा तिनं डोक्यावरून आणल्या, आणि स्वयंपाकघराची मागची भिंत तर तिनं गवंड्याच्या उरावर उभं राहून बांधून घेतली. वडील म्हणायचे, "ही भिंत वाकडी असली तरी सरळ म्हणायची, नायतर जेवण मिळायचं नाय."

भाऊ चांगला आहे, वहिनीही चांगली आहे, उगाच कोणाला नावं का ठेवा. दर दिवाळीला तो म्हणायचा, "आये, चल ना माज्याकडं." आई म्हणायची, "तुज्याकडं जमीन नाय रं, नुसती लादी हाय. पाय कुटं टेकू?" की विषय संपला.

आता मी जे सांगणार आहे त्यात भराव आहे, परवानग्या आहेत, साहेब आहेत. पण माझ्यापुरता प्रश्न एकच होता. म्हातारपणी आई तिच्या घरात राहणार की नाही? बाकी सगळा मेला पसारा.

आमच्या वरच्या अंगाला भाताची खाचरं होती. पावसाचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत यायचं, व्हाळात पडायचं आणि रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे जायचं. व्हाळ म्हणजे काही नदी नव्हे. पावसाळ्यात वाहायचा, दिवाळीनंतर कोरडा पडायचा, मग त्यातून गुरं जायची. पण आमच्या घराला कधी पाणी शिवलं नाही ते त्या व्हाळामुळे.

मग खाचरं विकली गेली. कर्जतपासून इकडे सगळीकडे तेच चाललंय. एक कमान उभी राहते, कमानीवर इंग्रजीत कुठल्यातरी हिरव्यागार डोंगराचं नाव, आणि आत बंगल्यांचे प्लॉट. आमच्या डोक्यावर कमान यायच्या आधी डंपर आले. शहरात पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणून ओतायचा आणि वरून मुरूम पसरायचा, असं महिनोन्‌महिने चाललं. त्या राडारोड्यात काय नव्हतं! लोकांच्या न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स, एक अख्खं बेसिन, दारावरची 'सुस्वागतम्' लिहिलेली पट्टी. आईनं त्यातली एक धड टाइल उचलून आणली आणि गरम पातेलं ठेवायला घेतली. मी ओरडले, "आये, लोकांच्या न्हाणीतली हाय ती!" तर म्हणते, "धुतली हाय की."

बघता बघता भराव आमच्या वळचणीला येऊन भिडला. व्हाळ त्याच्या पोटात गेला. मोरी आहे तिथंच होती, पण तिच्या तोंडात मुरूम कोंबलेला. मी साईटवरच्या मुकादमाला गाठलं आणि विचारलं, पाणी कुठून जाणार?

"पाईप टाकणार हाय ना ताई. पुढच्या टप्प्यात."

"पुढचा टप्पा कधी?"

"ते शेठ ठरवंल."

शेठ आम्ही कधी पाहिला नाही. पाऊस मात्र ठरल्याप्रमाणे आला. वरचं सगळं पाणी भरावाच्या उतारावरून घसरत आमच्या परसात उतरलं आणि मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं. दिवसचे दिवस उभं राहिलं. एका दुपारी जेवणं आटोपून आई पुढच्या खोलीत लवंडली होती, आणि मागं धप्पकन आवाज झाला. भिंत बसली. भांड्यांच्या मांडणीसकट बसली. आई पाच-दहा मिनिटं आधी तिथंच भांडी घासत होती.

तो पावसाळा आम्ही ताडपत्री बांधून काढला. पाऊस सरल्यावर गवंड्याला बोलावलं. त्यानं जमिनीत पहार मारून बघितली आणि म्हणाला, "आधी पाण्याची वाट करा. वाट केल्याबिगर भिंत बांधलीत तर पुढच्या साली पुन्हा माझं तोंड बघाल." म्हणजे पुढच्या पावसाच्या आत दोन कामं व्हायला हवी होती. व्हाळ मोकळा व्हायचा, मग भिंत उभी राहायची. नाहीतर आईला खोपोली.

दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी सुरुवात केली. ग्रामपंचायतीत म्हणाले, भरावाची परवानगी आमी देत नाय, ती वरनं येते. वर, म्हणजे तालुक्याला, गेले. तिथं एका बाईंनी फाईल काढली आणि म्हणाल्या, "त्यांच्याकडे परवानगी आहे की. सपाटीकरणाची."

"बाई, सपाटीकरण नाही हो ते. दोन पुरुष उंच भराव आहे."

"वरून सपाट आहे ना?"

"वरून आहे!"

"मग?"

मी कपाळाला हात लावला. मग माझी नजर त्याच परवानगीच्या खालच्या अटींवर गेली. बारीक अक्षरात स्पष्ट छापलेलं होतं, नैसर्गिक नाला, ओहोळ अडवू नये, लगतच्या मिळकतीत पाणी जाणार नाही याची दक्षता घ्यावी. मला इतका आनंद झाला की बाईंच्या टेबलावर हात आपटला. "ही बघा! ही अट मोडलीय त्यांनी!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "अट घातलेली आहे म्हणजे आमचं काम झालं. मोडली की नाही ते पाहणी केल्यावर कळणार. अर्ज द्या, तलाठी येतील."

अर्ज दिला. तलाठी काही येईना. मी फोन करी, तो म्हणे, ताई ह्या आठवड्यात नक्की. थंडी गेली, होळी गेली. आई रोज सकाळी अंगण झाडून खुर्ची बाहेर काढून ठेवायची, साहेब आले तर बसायला. मी चिडायचे, "आये, तो नवरदेव नाय येत!" पण ती ठेवायचीच.

आणि तो आला नेमका मी दुकानात असताना. लग्नसराईचे दिवस, गिऱ्हाईकं डोक्यावर बसलेली. शेजारच्या भाभीनं फोन केला, तिच्या नवऱ्याचं रस्त्यावर गॅरेज आहे, ती आमच्या आईला मावशी म्हणते. "जल्दी ये गं, साहेब आलाय." मी रिक्षा करून पोचेपर्यंत साहेब गेलेला.

काय झालं ते भाभीनं सांगितलं. ऊन मरणाचं होतं. त्याला अजून कुठं कुठं जायचं होतं. रस्त्यावरूनच त्यानं भरावाचे फोटो काढले, अंगणात आला, पण खुर्चीवर काही बसला नाही. गाडीच्या टपावर कागद ठेवून आईला विचारलं, "आजी, घराचं काय झालं?"

आता आमच्या आईची एक गंमत सांगते. बांगडी फुटली असं आपल्यात कोणी म्हणत नाही, बांगडी वाढली म्हणतात. नारळ वाढवतात. कुंकू वाढतं. हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण आईचं हे प्रकरण जरा हाताबाहेर गेलेलं होतं. तिच्याकडे कपही वाढायचा, काचही वाढायची, चपलेचा अंगठासुद्धा वाढायचा. फुटलं, मोडलं, पडलं हे शब्द तिच्या तोंडी यायचेच नाहीत, आणि घराच्या बाबतीत तर विचारूच नका. राहत्या घराला 'पडलं' म्हणायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते, हे तिनं आमच्या डोक्यात लहानपणापासून ठोकलेलं.

तर ती साहेबाला म्हणाली, "मागची भिंत वाढली बघा."

"कधी?"

"गेल्या पावसात."

"आणि ह्या भरावाचं?"

"ते बी वाईट, पण भिंत वाढली ना, त्याचा जिवाला घोर."

त्यानं लिहिलं. आईनं सही केली. ती सही करायला शिकलेली आहे आणि तिला त्याचा मोठा अभिमान. मागं जाऊन बघावं असं काही त्या बाबाला वाटलं नाही. मी भाभीला म्हटलं, अगं तू तरी बोलायचंस! ती बिचारी म्हणाली, "मला काय ठाऊक? मला वाटलं, मराठी मानूस हाय, त्याला कळलं असंल."

मलाही तेव्हा तसंच वाटलं. हसलेही मी. पंधरवड्यानं नोटीस आली तेव्हा हसू पळालं.

आईच्या तोंडून 'वाढली' आलं होतं, त्याचं कचेरीत 'वाढविली' झालं होतं. मध्ये एक 'वि' घुसला. अर्जदारानं घराची मागील भिंत गेल्या पावसाळ्यात विनापरवाना वाढविली असल्याचं दिसून येतं, खुलासा करावा, निर्णय होईपर्यंत बांधकामाला हात लावू नये. आणि भरावाबद्दल एकच ओळ, सपाटीकरण परवानगीप्रमाणे दिसते. ज्यानं डोंगर उभा केला तो राहिला बाजूला, आणि ज्यांची भिंत गेली त्यांना नोटीस!

मी तशीच उठले आणि तालुक्याला गेले. त्या बाई रजेवर होत्या, त्यांच्या जागी एक चष्मेवाले गृहस्थ.

"भिंत वाढली म्हणजे पडली हो," मी म्हटलं.

"वाढली म्हणजे पडली?"

"नारळ वाढवता ना तुम्ही? मग नारळ मोठा होतो का?"

आजूबाजूचे हसले. ते गृहस्थ नाही हसले. "मग पडली असं सांगायचं ना. सरळ मराठीत बोलायचं."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "सरळच सांगते. तिथं भिंत नाहीच. या आणि डोकं आपटून बघा, लागलं तर मी खोटी!"

अख्खी कचेरी माझ्याकडे बघायला लागली. त्यांनी कागद एकावर एक नीट लावले आणि म्हणाले, "खुलासा लेखी द्या. फेरपाहणी लावू. पण आता पावसाळा तोंडावर आहे, सगळा स्टाफ आपत्तीच्या ड्यूटीला जाणार. पाऊस झाला की बघू."

"अहो साहेब, आपत्ती आमच्याच घरात येणार आहे!"

"त्यासाठी नंबर आहे, त्यावर फोन करा."

भिंत तशीच बांधून टाकावी असं मनात दहा वेळा आलं. मी काय भिते का कोणाला! पण गवंडी नोटीस बघून मागं सरला. पंचायतीतल्या एका ओळखीच्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, हात लावू नका. तुमचं घर गावठाणाच्या भायेर हाय. एक भिंत बघायला आलेला मानूस उद्या अख्ख्या घराची परवानगी मागंल. हाय का तुमच्याकडं?" नव्हती. वडिलांनी घर बांधलं तेव्हा त्या भागात कोणीच घेतलेली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा माझी हिंमत गेली. घरी येऊन आईला काही सांगितलं नाही, नुसती ताडपत्री नवीन आणली.

दुसरा पावसाळा काय सांगू? पाणी ताडपत्रीखालून सरळ स्वयंपाकघरात यायला लागलं. भरावाची लाल माती घेऊन यायचं, ओसरलं की बोटभर चिखल मागं ठेवून जायचं. आईनं गॅस पाटावर ठेवला, पाट विटांवर ठेवला, आणि त्या चिखलात उभी राहून भाकऱ्या थापायची. मी म्हणायचे, पुढच्या खोलीत कर. म्हणायची, चूल जिथं हाय तिथं हाय. एकदा सकाळी पाणी जास्तच आलं तेव्हा मी तो आपत्तीचा नंबर लावला.

"किती माणसं अडकलीत?"

"दोन. एक म्हातारी आहे."

"पाणी किती आहे?"

"घोट्याच्या वर."

"मग ठीक आहे ताई, लक्ष ठेवा."

त्याच आठवड्यात आई त्या चिखलात घसरली. मोडलं काही नाही, पण गुडघा कायमचा धरला. आठ-दहा दिवस भाभीनं तिला आपल्याकडे ठेवलं, तिला उठवायचं, न्यायचं-आणायचं सगळं केलं, सख्ख्या सुनेनं करावं तसं. मग भाऊ गाडी घेऊन आला. यावेळी त्यानं विचारलं नाही. आईही भांडली नाही, आणि हेच मला सहन झालं नाही. भांडायला हवी होती ती! नेहमीसारखी लादीबिदीचं बोलायला हवी होती. नुसती उंबऱ्याला हात लावून "येते" म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर भार टाकून गाडीत बसली. मी पुढच्या दाराला कुलूप लावलं. मागं लावायला दारच नव्हतं. एकटीनं तिथं राहणं शक्य नव्हतं, मी दुकानाच्या मागच्या खोलीत पथारी टाकली.

फेरपाहणी झाली ती दिवाळीनंतर. जुन्या तलाठ्याची बदली झालेली, नवीन आला तो सज्जन होता, हे मला मान्य करायला हवं. त्यानं वेळ कळवली, मी हजर राहिले. तो बूट चिखलात घालून मागं गेला, ताडपत्री वर करून बघितली, म्हणाला, "अहो, इथं तर भिंतच नाही!"

"हेच तर मी वर्षभर बोंबलतेय!"

तो हसला, मीही हसले. त्यानं मोरी बघितली, भराव बघितला, फोटो काढले. जाताना म्हणाला, "काळजी करू नका ताई, भिंतीची नोटीस निघून जाईल." खरं सांगते, त्या दिवशी मी दुकानात जाऊन गिऱ्हाईकांना पेढे वाटले. आईला फोनवर म्हटलं, होतंय तुझं काम.

भिंतीची नोटीस खरंच निघून गेली. त्याच कागदात पुढचंही होतं. पाहणीच्या वेळी जागेवर पाणी आढळलं नाही. दिवाळीनंतर कुठून आढळणार? सदर घर वापरात नाही, तिथं कोणीही वास्तव्यास नाही, सबब भरावामुळे कोणासही बाधा होत नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

मी तो कागद दुकानात उभ्यानं वाचला आणि तशीच खाली बसले. एक बाई ब्लाऊज न्यायला आलेली, ती घाबरली, पाणी देऊ का म्हणाली. पाण्यामुळे आम्ही घर सोडलं, आणि घर सोडलं म्हणून पाण्याचा त्रास नाही! मी तालुक्याला गेले नाही. कोणावर ओरडणार? त्या सज्जन माणसानं जे दिसलं तेच लिहिलं होतं.

रविवारी खोपोलीला गेले. आई खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. तिथून घाटाच्या पायथ्याचा डोंगर दिसतो, ती दिवसभर तोच बघते, असं वहिनी म्हणाली. मी ठरवून गेले होते की काहीतरी गोड सांगायचं. पण तिनं विचारलं, "काय लिवलं त्यांनी?" आणि मला खोटं बोलता आलं नाही. सगळं वाचून दाखवलं.

ती भिंतीला धरून उठली आणि भावाला म्हणाली, "माजी पिशवी दे रं."

"कशाला?"

"कुणी ऱ्हात नाय म्हणतात ना? मग मी जाऊन ऱ्हाते. मानूस दिसलं म्हंजे झालं."

"आये, प्रकरण बंद झालं," मी म्हटलं. "आता कुणी बघायला येणार नाय. आणि तुला हे तीन जिने उतरायला जमतं का?" माझा आवाज चढला होता. तिच्यावर नाही गं बाई, पण समोर तीच होती.

तिनं पिशवी स्वतःच उचलली आणि गुडघा दाबत तशीच उभी राहिली. "मी होते तवा ते आले, तवा माजं ऐकलं नाय," ती म्हणाली. "मी नव्हते तवा आले, तर म्हणे कुणी नाय. मग मी कुठं बसू गं, म्हंजे त्यांना दिसंन?"

भावानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि खुर्ची तिच्या मागं सरकवली.

"इथंच बस, आये," तो म्हणाला.

आणि ती बसली.